टाँग टेस्टर घ्यावा की प्लगचा वॉटमीटर?

व्होल्टेज आणि करंट हातात आले की पुढचं गणित शाळेतलंच आहे. भागाकार केला की रेझिस्टन्स, गुणाकार केला की पॉवर. खरा प्रश्न हे दोन आकडे आणायचे कशाने हा असतो, आणि घरच्या कामासाठी निवड बहुधा दोनांतच होते: वायरमनच्या पिशवीत असतो तो, वायरभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचा टाँग टेस्टर, नाहीतर सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये खोचायचा वॉटमीटर. मुंबईत लोहार चाळीत आणि लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात, आणि माझ्याकडे दोन्ही आहेत. साधा मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून घरच्या लाइनचा करंट मोजण्याच्या भानगडीत मात्र पडू नये असं मी सांगेन. त्यासाठी लाइन तोडावी लागते, आणि नंतर व्होल्टेज बघताना मीटरची वायर करंटच्याच भोकात राहिली तर सरळ शॉर्ट होतो.

गिझर, इस्त्री, शेगडी अशा नुसत्या कॉइलच्या वस्तूंसाठी दोघांत डावंउजवं करण्यासारखं काही नाही. पाणी तापायला वेळ लागतो अशी तक्रार असेल तर २००० वॅटच्या गिझरचा करंट बघा. २३० व्होल्टला ८.७ अँपच्या आसपास, म्हणजे साधारण २६.५ ओहम आले, तर कॉइल ठणठणीत आहे. संध्याकाळी व्होल्टेज २१० वर उतरलं तर तीच कॉइल १६७० वॅटच्या आसपासच देते. व्होल्टेज ९ टक्के पडलं की पॉवर १७ टक्के पडते, कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो. कॉइल बदलायला सांगणाऱ्याला हा हिशेब जरूर दाखवावा.

हा रेझिस्टन्स चालू वस्तूवरच काढावा. गिझरच्या कॉइलला थंड आणि गरम यांत थोडाच फरक पडतो, पण १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मल्टिमीटरवर थंड असताना ४० ओहमच्या आसपास दाखवतो आणि पेटल्यावर हिशेबाने ५२९ ओहमचा असतो.

टाँग टेस्टरची ताकद वेगळी आहे. छतावरचा पंखा, एमसीबीवरून थेट जोडलेला एसी, अख्ख्या घराची मेन यांना प्लगच नाही, तिथे वॉटमीटर लावणार कुठे? टाँग टेस्टर एका वायरभोवती अडकवला की झालं, काही सोडायला नको. वायर एकच हवी मात्र. अख्ख्या केबलला अडकवला तर शून्य दिसतं, कारण फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. त्यासाठी मी एका एक्स्टेन्शनचं फक्त बाहेरचं आवरण वीतभर काढून आतल्या तीन वायर सुट्या केल्यात, त्यांचं स्वतःचं इन्सुलेशन तसंच ठेवून. एवढी तयारी एकदा केली की हा त्रास संपतो.

दुसरा त्रास संपत नाही, आणि माझा कल त्यानेच ठरला. टाँग टेस्टर अँप देतो, वॅट देत नाही. आपण गुणाकार करतो, आणि मोटरच्या वस्तूला तो गुणाकार खोटा पडतो. आमच्या जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना टाँग टेस्टरवर १.०५ अँप, सॉकेटला २३१ व्होल्ट. गुणाकार २४३. वॉटमीटर त्याच फ्रिजला १५८ वॅट सांगतो आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा, ०.६५ दाखवतो. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे काही करंट काम न करताच येऊन-जाऊन राहतो. घरगुती बिल वॅटवर निघतं, त्या गुणाकारावर नाही.

कोणाचं खरं, हे बघायला तिसरा साक्षीदार तळमजल्यावर मीटरच्या पेटीतच होता. आमच्या मीटरवर युनिटला ३२०० पल्स असं छापलंय. घरातलं बाकी सगळं बंद केलं, भाचा जिन्याखाली मोबाइलचं स्टॉपवॉच लावून उभा राहिला. लाल दिवा १० वेळा लुकलुकायला ७१ सेकंद लागले, म्हणजे १५८ वॅट. गुणाकार खरा असता तर ४६ सेकंदांत आटोपलं असतं. बिल जास्त आल्यावर शेजारी विचारायला येतात तेव्हा चुकीचा आकडा सांगून त्यांच्या चांगल्या फ्रिजवर बोट ठेवणं मला पटत नाही. स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर यांचंही असंच, आणि इतका बारीक करंट साध्या टाँग टेस्टरला नीट दिसतही नाही. वायरचे १० वेढे घालून आकड्याला १० ने भागलं तर तो थोडा सुधारतो, पण पॉवर फॅक्टर तरीही कळत नाहीच.

वायरिंगचं काम करणाऱ्याचा, किंवा मेनवरचा लोड बघायचा असलेल्याचा विचार वेगळा असू शकतो; त्याला टाँग टेस्टरशिवाय गत्यंतर नाही, आणि घ्यायचा तर ट्रू आरएमएस, म्हणजे करंटची लाट वेडीवाकडी असली तरी बरोबर आकडा देणारा, घ्यावा. बिलासाठी, जुना फ्रिज ठेवायचा की काढायचा यासाठी, मी तरी आधी वॉटमीटर घेईन. मुलं असलेल्या घरात व्होल्टेज बघायला उघड्या सॉकेटमध्ये मीटरचे टोकदार प्रोब खुपसावे लागत नाहीत, हेही मला मोठं वाटतं. प्लगवर नसलेला पंखा तेवढा त्यातून निसटतो, पण बाकी सगळं बंद करून मीटरच्या दिव्यावर त्याचाही हिशेब निघतो.

घेताना पिन नीट बघा. पुष्कळ वॉटमीटर ६ अँपच्या बारीक पिनचे येतात, त्यावर कन्व्हर्टर लावून गिझर चालवू नका. गिझरसाठी १६ अँपच्या जाड पिनचाच मागा.