माझं नाव की आमचं गाव?

माणसाला पुढं काय ओढतं, स्वतःची ओळख की आपली माणसं? अमरावतीत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा म्हणतो, ‘मला अधिकारी व्हायचंय.’ ओळख स्वतःची. पण पहाटे चारला त्याला उठवतात ते बापानं कापूस विकून पाठवलेले पैसे! म्हणजे नातं आलंच. १९९९च्या एका अमेरिकी प्रयोगात गोरी मुलं स्वतः निवडलेल्या अक्षरकोड्यांत जास्त रमली, आशियाई वंशाची मुलं आईनं निवडलेल्या.

गडचिरोलीचं मेंढा-लेखा वेगळं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत या गोंड गावानं २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. निर्णय सर्वसहमतीनं, त्यामुळं बैठका लांबतात. तरी मला ‘आमचं गाव’ ही ओढच टिकाऊ वाटते. अमरावतीतला पोरगा मात्र नापास झाला की खोलीत एकटाच बसतो.