पणजीची हिवाळी फोटो-फेरी: फोंताइन्हासला पूर्ण गुण, चोडणला मात्र तिथी बघून जा

मूळचे गोव्याबाहेरचे, पण आता पक्के पणजीकर झालेले एक छायाचित्रकार डिसेंबर-जानेवारीत आपल्या आवडत्या जागांची दिवसभराची फेरी घेतात. पहाटे रायबंदरचा कॉजवे, मग फोंताइन्हास ही पोर्तुगीजकालीन जुनी वस्ती, दुपारी चोडण बेट, उन्हं कलल्यावर पणजीचं इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च आणि शेवटी मिरामारचा किनारा. एका दिवसात पाच जागा म्हणजे धावपळ होईल असं वाटतं. पण चोडण सोडलं तर सगळा क्रम सूर्य कुठून येतो ते बघून लावलेला आहे, आणि पैसे द्यायचे ते या क्रमासाठीच.

हिवाळाच का, तर 21 डिसेंबरच्या आसपास पणजीत सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून 51 अंशांच्या वर चढत नाही. मे महिन्यात तो थेट डोक्यावर येतो आणि भिंती सपाट दिसतात. शिवाय पावसाळा संपल्यावर घरं रंगवायची इथली जुनी रीत आहे, त्यामुळे या दिवसांत रंग ताजे असतात.

डिसेंबरअखेर सूर्योदय साधारण 7:00 ला, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात 7:05 ला. कॉजवेवर अर्धा तास आधी पोहोचायचं. 1633-34 मध्ये व्हाइसरॉय लिन्यारिसच्या काळात बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता जवळजवळ पूर्व-पश्चिम जातो: उत्तरेला मांडवी, दक्षिणेला मिठागरं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणजे नदीवर नाही, मिठागरांच्या बाजूला. मांडवीकडे तोंड करून ताटकळणाऱ्यांचा पहिला प्रकाश हुकतो. फेरीत हे आधीच सांगितलं जातं, बरं वाटलं. बसगाड्या अंगावरून जातात, तेव्हा ट्रायपॉडचे पाय डांबरावर येऊ देऊ नका.

एसी खोलीतून थेट इथे आलात तर लेन्सवर वाफ धरते. पुसून उपयोग नाही, काच गार असेपर्यंत ती परत धरतेच. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्यावा, किंवा रात्री एसी नसलेल्या खोलीत ठेवावा.

फोंताइन्हास हा या फेरीचा जीव आहे. पूर्वेला उरेंची खाडी, पश्चिमेला आल्तिनोची टेकडी आणि मधे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गल्ल्या, अशी इथली मांडणी. खाडीकडे तोंड असलेल्या घरांवर ऊन सकाळीच येतं. आतल्या गल्ल्यांत ते उतरायला साडेआठ वाजतात आणि दहानंतर कडक होतं. संध्याकाळी टेकडी सूर्य लवकर गिळते, पाचनंतर आलेल्यांना निळसर सावलीच मिळते. बहुतेक पर्यटक नेमके त्याच वेळी येतात.

लाल आणि पिवळ्या भिंतींवर कॅमेरा फसतो. साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसत असतानाच लाल चॅनेल फाटलेला (प्रमाणाबाहेर उजळलेला) असतो आणि गिलाव्याचा पोत नाहीसा होतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवा, रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्येच काढा. गल्ली अरुंद, म्हणून 24 ते 35 मिमी पुरते. मात्र कॅमेरा वर कलवला की घरं मागे पडल्यासारखी दिसतात. तो सरळ धरून मागे सरका, खालचा जादा रस्ता नंतर कापा. रस्त्यांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा चकाकतात. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून समोर उभं राहिलं तर चकाकी जात नाही. भिंतीशी साधारण 35 अंशांचा कोन करून बाजूला उभं राहिलं की जाते.

शिंपल्यांच्या खिडक्या मुद्दाम जवळून बघा. लाकडी चौकटीत बसवलेले हे पातळ, दुधी तुकडे बाहेरून मळकट वाटतात, पण तिरपं ऊन पडलं की एकेका शिंपल्यावरच्या वाढीच्या रेषा उठून येतात. मॅक्रो लेन्स नसेल तर 85 मिमी चालते. नाताळचे तारे आणि गोठे 6 जानेवारीच्या रेईस फेस्तापर्यंत (तीन राजांच्या सणापर्यंत) मिळतात.

इथे माणसं राहतात. दारावर फोटो काढू नयेत असा फलक असेल तर विषय तिथेच संपतो. पायऱ्यांवर बसायचं नाही, खिडकीतून आत लेन्स घालायची नाही, पोदेराला (पाववाल्याला) सायकल थांबवायला लावायचं नाही. गटप्रमुख हे नियम कडक पाळतात, याचे गुण वेगळे द्यायला हवेत. नंतरची पातळभाजी आणि बनही छान.

चर्चला साडेचारला नेतात, तेही बरोबर, कारण दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. 1541 च्या कपेलच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) जागी 1619 मध्ये नव्याने बांधलेल्या या पांढऱ्याशुभ्र इमारतीला कॅमेरा राखाडी करून टाकतो, म्हणून दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवायचं. जिना जवळून 24 मिमीने पसरट येतो, तर बागेच्या कडेवरून 70 मिमीने नागमोडी टप्पे एकावर एक बसतात. वरची मोठी घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली आहे, 1871 मध्ये इथे बसवलेली.

तिथून मिरामार. हिवाळ्यात सूर्य आग्वाद किल्ल्याच्या बराच डावीकडे, उघड्या समुद्रात बुडतो. डिसेंबरअखेर साधारण 6:10 ला. एवढंच. पण 8 डिसेंबरच्या, चर्चच्या फेस्ताच्या (सणाच्या) आसपास जात असाल तर मिरामार सोडा आणि चर्चसमोरच थांबा. रोषणाई आणि आकाश यांचा मेळ सूर्यास्तानंतर 15 ते 25 मिनिटंच टिकतो, मग आकाश काळं पडतं आणि दिवे नुसते फाटतात. ट्रायपॉड, आयएसओ 100, एफ/8. फेरीत ही मुभा नाही, ती असायला हवी.

खरी तक्रार चोडणची. रायबंदरहून फेरीबोटीने जाऊन सलीम अली पक्षी अभयारण्यात होडी अकराला ठरलेली, भरती असो वा ओहोटी. भरतीशिवाय होडी कांदळवनाच्या आतल्या खाड्यांत शिरत नाही. चिखलावर चरणारे पक्षी हवे असतील तर उलट ओहोटी लागते, पण ते काठावरून टिपायचे. अकराचं ऊन दोन्हींना वाईटच. खंड्या दिसला तरी पाठीवर पांढरा डाग आणि पोट काळं.

भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे ती दुपारच्या सुमारास येते आणि उधाणाची असते, तेव्हा अकराची होडी निदान आत तरी जाते. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी ओहोटी असते. नाव नोंदवताना तिथी बघा, आणि अष्टमीच निघाली तर चोडण वगळून अर्ध्या दिवसाचे दर विचारा. होडीत ट्रायपॉड नको. 400 मिमी लेन्स, 1/1600 शटर आणि ऑटो आयएसओ.