जुन्या बीटलला हॅलोजन बल्ब टाकला, बल्ब झकास पण आधी वायरिंग बघा

१९६८ ची १२ व्होल्टची फोक्सवॅगन बीटल गाडी आहे माझ्याकडे. हेडलाइटमध्ये मूळचा ४५/४० वॅटचा (अप्पर/डिपर) साधा बल्ब, त्यामुळे रात्री डिपरवर चालवायची म्हणजे नुसता पिवळट उजेड आणि डोळे फाडून रस्ता शोधायचा. नेहमीच्या एच४ बल्बचा बेस पी४३टी असतो, तो या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये बसत नाही, म्हणून जुन्याच पी४५टी बेसवरचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन मागवला. काही कापाकापी न करता बसला, मागचा तीन पिनांचा कनेक्टर पण तोच.

लावल्यावर पहिल्या रात्री मात्र खरं सांगतो, निराश झालो. थोडा पांढरा उजेड वाढला, बस. मग मीटर लावला तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.४ आणि बल्बच्या पिनांवर फक्त ११.७ व्होल्ट! व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड साधारण तीस टक्के जातो, म्हणजे माझा एक तृतीयांशाहून जास्त उजेड जुन्या वायरी, स्विच आणि गंजलेल्या अर्थमध्येच (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) जात होता.

बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते त्यामुळे वायर लांबच लांब ओढावी लागते, पूर्ण रविवार गेला त्यात. जाड वायर, बॅटरीपाशीच फ्यूज, पुढे डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले (स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे), आणि अर्थचे जोड पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. आता पिनांवर १३ व्होल्ट मिळतात आणि फरक असा की रस्त्याच्या कडेची खडी पण वेगवेगळी दिसते, मी दोनदा थांबून उतरून बघितलं इतका आनंद झाला.

दोन गोष्टी मनापासून सांगतो. १००/९० वॅटचे बल्ब घेऊ नका, दोन्ही अप्पर लागले की १६ अँपिअरच्या वर ओढतात, जुना होल्डर वितळतो आणि डायनामोचीही दमछाक होते. आणि एलईडी मला या रिफ्लेक्टरला पटत नाही, कारण हॅलोजनमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली ती छोटी वाटी असते ना, ती प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावर पडू देत नाही म्हणून समोरच्याच्या डोळ्यात जात नाही, स्वस्तातल्या एलईडीत ही जागा नीट जुळलेली नसते.

एक तक्रार आहे, एका बल्बची कॉलर (बेसची धातूची कडी) किंचित वाकडी होती, डावीकडचा उजेड वर जात होता. बदलून मिळाला, पण भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही बीम परत जुळवावे लागले. काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला की तिथेच तापून बल्ब लवकर जातो, मी स्वच्छ कापडात धरूनच बसवला.

पाचपैकी साडेचार.