'अ ब्रॉन्क्स टेल' की 'गुडफेलाज': आधी कोणता पाहाल?

रॉबर्ट डी निरो एका सिनेमात गुंड आहे, दुसऱ्यात बसचा ड्रायव्हर. पहिला 'गुडफेलाज', १९९० चा, मार्टिन स्कॉर्सेसीचा. दुसरा 'अ ब्रॉन्क्स टेल', १९९३ चा; डी निरोने स्वतः दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा. दोन्हींची सुरुवात एकसारखी आहे: न्यूयॉर्कमधली इटालियन वस्ती, घरासमोर माफियाचा अड्डा आणि त्याकडे टक लावून बघणारं एक पोरगं. माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, एकच बघायचा तर कोणता?" मी पटकन 'गुडफेलाज' म्हणून गेलो. मग दोन्ही पुन्हा पाहिले आणि त्याला फोन करून उत्तर बदललं.

'गुडफेलाज'चा हेन्री हिल खराखुरा माणूस. निकोलस पिलेगीने त्याच्यावर लिहिलेल्या पुस्तकावरून सिनेमा झाला. साल १९५५, ब्रुकलिनचा ईस्ट न्यूयॉर्क भाग. शाळकरी हेन्रीला खिडकीतून समोरचा टॅक्सी स्टँड दिसतो. तिथली माणसं गाड्या कुठेही लावतात, रात्रभर पत्ते कुटतात, पण पोलीस हटकत नाहीत की शेजारी तक्रार करत नाहीत. हेन्रीला तसंच व्हायचंय. तो शाळा बुडवून तिथे पडेल ते काम करायला लागतो. शाळेतून घरी पत्र येतं, बाप पट्ट्याने फोडून काढतो. मग टोळीतली माणसं पोस्टमनला उचलतात, पिझ्झाच्या भट्टीत त्याचं डोकं खुपसतात आणि बजावतात, शाळेचं पत्र त्या घरी पुन्हा जायचं नाही. पुढे आईच्या हातातल्या सामानाच्या पिशव्या गल्लीतली पोरं घरापर्यंत आणून देतात. बापाचा विषय जवळपास इथेच मिटतो. त्याच्याकडे पट्ट्याशिवाय काही नव्हतं, आणि पट्ट्यापेक्षा भट्टी मोठी ठरली.

१४६ मिनिटांच्या सिनेमात हे बालपण अगदी थोडं आहे. बघता बघता हेन्री मोठा होतो, रे लिओटा पडद्यावर येतो आणि पुढचा सगळा सिनेमा त्या धंद्याचा. म्हणजे पोरगा गुंडांकडे कसा ओढला जातो, त्याच्या मनात नेमकं काय चालतं, हे बघायचं असेल तर 'गुडफेलाज' त्याचं उत्तर फार लवकर देऊन पुढे निघून जातो.

'ब्रॉन्क्स टेल' मात्र त्या ओढीपाशीच थांबतो. १९६० साल, बेलमाँट, ब्रॉन्क्स. नऊ वर्षांचा कॅलोजेरो घराच्या पायरीवर बसलेला असताना समोर भांडण होतं आणि गल्लीचा दादा सनी एकाला गोळी घालतो. पोलीस घरी येऊन मुलाला खाली आणतात, बारबाहेर माणसं रांगेत उभी करतात आणि एकेक करून विचारतात, हा होता का? पोरगा प्रत्येकाला नाही म्हणतो. सनीसमोर येतो, तेव्हाही नाही. नंतर त्याचा बसचालक बाप (डी निरो) त्याला सांगतो, तू चांगलं केलंस, पण वाईट माणसासाठी. नऊ वर्षांच्या पोराने यातून काय घ्यायचं? इथून दोन तासांचा सिनेमा या एका वाक्यावर चालतो.

हे सगळं पटतं, कारण ते घडलेलं आहे. सनीचं काम करणाऱ्या चॅझ पालमिंटेरीचं जन्मनाव कॅलोजेरो, त्याचे वडील लोरेन्झो खरोखर बस चालवत, आणि लहानपणी त्याने दारासमोर खून पाहिला होता. त्याने आधी याचा एकपात्री प्रयोग केला. सिनेमासाठी दहा लाख डॉलरपर्यंत बोली आली, तरी पटकथा मीच लिहीन आणि सनी मीच करेन, या हट्टावर तो अडून राहिला, असं तो मुलाखतींत सांगत आला आहे. त्याचा सनी पाहिल्यावर तो हट्ट किती योग्य होता ते कळतं.

एक प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. सनीच्या अड्ड्यावर पोरगा दारू-सिगारेट आणून देतो, फासे टाकतो. बक्षिशीचे सहाशे डॉलर घरात दडवलेले बापाला सापडतात. घरात पैशाची ओढाताण आहे. सनीकडून आलेलं जुगाराच्या चिठ्ठ्या पोहोचवण्याचं काम बापाने आधीच नाकारलेलं आहे. आई म्हणते, राहू दे ना पैसे. बाप नोटा उचलतो, तडक बारमध्ये जातो आणि परत करतो. माझ्या मुलापासून लांब राहा, एवढंच त्याचं म्हणणं. बाहेर पोरगा चिडून ओरडतो, सनी बरोबर बोलतो, काम करून जगणारा माणूस मूर्ख असतो. त्यावर बाप सांगतो: चाप ओढायला ताकद लागत नाही. रोज सकाळी उठून कामावर जाऊन दाखव म्हणावं, मग कळेल खरा दादा कोण.

पण सनीही रिकामा माणूस नाही. सिनेमा मोठा होतो तो इथे. तोसुद्धा मुलाला शाळा शीक म्हणूनच सांगतो. एक पोरगा वीस डॉलर बुडवून तोंड चुकवत फिरतो, तेव्हा सनी म्हणतो, तुला तो आवडत तरी होता का? नाही ना, मग वीस डॉलरात पीडा टळली. सतरा वर्षांच्या कॅलोजेरोला जेन आवडते. ती कृष्णवर्णीय, साल १९६८, आणि दोन्हीकडच्या पोरांच्या मारामाऱ्या चालू. सनी त्याला गाडी देतो आणि दाराची परीक्षा सांगतो: तिच्या बाजूचं दार तू उघड, तिला बसव, मग मागून वळसा घालून ये आणि काचेतून बघ. आत बसल्या बसल्या वाकून तिने तुझ्या दाराच्या कुलपाचं बटण वर केलं, तर ती तुझी. बटणाच्या त्या एका सेकंदासाठी मी अजूनही श्वास धरतो.

म्हणजे इथे मुलाला दोन बाप आहेत, आणि दोघंही त्याच्यावर जीव लावतात. हे द्वंद्व 'गुडफेलाज'मध्ये नाही.

त्यात जे आहे ते मात्र इतर कुठे मिळणं कठीण. हेन्री मैत्रिणीला कोपाकबाना क्लबमध्ये नेतो तो प्रसंग घ्या. मागच्या दाराने, जिने उतरून, बोळातून, स्वयंपाकघरातून, वाटेत प्रत्येकाच्या हातात नोट सरकवत, थेट रंगमंचासमोर खास त्यांच्यासाठी आणून मांडलेल्या टेबलापर्यंत; कॅमेरा एकदाही न कापता मागोमाग येतो. कॅरन का भुलली, ते वेगळं सांगावं लागत नाही. आपणही भुललेलो असतो. जो पेशीला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. तो हसता हसता गप्प होतो तेव्हा समोरच्याचंच नाही, आपलंही पाणी पळतं. निव्वळ सिनेमा म्हणून 'गुडफेलाज' वरचढ आहे, यात मला शंका नाही.

'ब्रॉन्क्स टेल'ला दोष आहेत. शेवटच्या भागात योगायोग फार झाले आहेत, आणि निवेदन कधी कधी डोळ्यांना दिसलेलंच पुन्हा सांगतं. तरी वस्ती जिवंत आहे: कोपऱ्यावर सूर लावणारी पोरं, आणि हात लावेल त्या डावाची माती करणारा एडी मश, ज्याचं काम खऱ्या आयुष्यातल्या एडी मशनेच केलंय.

घरात कोण बसणार आहे, तेही बघा. अमेरिकेत दोन्हींना 'आर' प्रमाणपत्र (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) आहे; शिव्या आणि रक्त दोन्हीकडे आहे. पण 'गुडफेलाज'मध्ये ते सतत येतं, पहिल्या काही मिनिटांत गाडीच्या डिकीत सुरा चालतो, आणि शेवटाकडे अमली पदार्थांचा भाग बराच आहे. आजी-आजोबांसोबत तो लावू नका. 'ब्रॉन्क्स टेल' लहानांसाठी नाही, पण दहावी-बारावीच्या मुलासोबत बसून पाहता येतो. मध्ये थांबवून बोलताही येतं.

तेव्हा एकच पाहणार असाल आणि गोष्ट मुलाची हवी असेल, तर 'ब्रॉन्क्स टेल'. दोन्ही पाहणार असाल तरी हाच आधी. 'गुडफेलाज'च्या वेगानंतर हा उगाच संथ वाटेल. आणि ज्याला कॅमेरा, संकलन, गाण्यांचा वापर शिकायचाय, त्याने सरळ 'गुडफेलाज' लावावा.

भाच्याकडे शनिवारी रात्री ठरलंय. त्याच्या बाबांची दुसरी पाळी साडेदहाला सुटते. ते घरी आल्याशिवाय सुरू करू नकोस, एवढं मी त्याला सांगून ठेवलंय.