रॉब रायन डोक्यात जातो, पुस्तक मात्र सुटत नाही

टाना फ्रेंचची ‘इन द वुड्स’ (2007) ही रहस्यकादंबरी डब्लिनजवळच्या नॉकनरी या काल्पनिक गावात घडते. 1984 च्या उन्हाळ्यात तीन मुलं रानात खेळायला जातात. सापडतो एकच, झाडाच्या सालीत नखं रुतवून उभा, बूट रक्तानं भिजलेले, आठवत काहीच नाही. तोच पुढे रॉब रायन असं नाव बदलून पोलिसात जातो आणि त्याच गावातल्या लहान मुलीच्या खुनाचा तपास हातात घेतो. साहेबांना पत्ताच नाही!

हा रॉब माझ्या फार डोक्यात गेला. सतत स्वतःची कीव, समोरचं दिसत नाही, आणि कॅसीसारख्या हुशार सहकारी मैत्रिणीशी तो जे वागतो ते वाचून दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. खोटं बोलतो हे सुरुवातीलाच सांगतो, तरी आपण फसतो. या दोघांनी मिळून केलेल्या चौकश्या मात्र झकास. गावातून जाणाऱ्या मोटरवेचं (महामार्गाचं) आणि तिथल्या पुरातत्त्व उत्खननाचं प्रकरण मध्ये रेंगाळतं.

बेपत्ता मुलांचं काय झालं, हे शेवटीही कळत नाही. माझ्या नणंदेनं त्यापायी पुस्तक आपटलं. मला चाललं. इंग्रजी जरा जड आहे, लोकलच्या गर्दीत वाचायच्या भानगडीत पडू नका.