८ जीबी रॅमचे पैसे घेतले, वापरायला मिळाली ३.२४

एकूण १२,५५० रुपये गेले. रॅमची पट्टी १,८५०, ती बसवायचे ३००, ‘ओरिजिनल ६४ बिट विंडोज’चे ६,९०० आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्याने स्वतःच उडवलेला माझा डेटा मला परत द्यायचे ३,५००. यातली रॅमची पट्टी तेवढी खरी निघाली, बाकी सगळी लूट. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण असे लोक कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटतील, म्हणून हे लिहितेय.

माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, फ्लेक्स. मशीन मूळचं विंडोज ७ चं. २०१६ च्या जुलैपर्यंत मायक्रोसॉफ्ट फुकट अपग्रेड देत होती, तेव्हा ते विंडोज १० वर गेलं. आधी ३२ बिट, म्हणजे कमी रॅम हाताळणारं विंडोज, होतं ते अपग्रेडनंतरही ३२ बिटच राहिलं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. २०२५ च्या लग्नसराईत मात्र मोठा फ्लेक्स उघडला की फोटोशॉप ‘मेमरी पुरत नाही’ म्हणून बंद पडायला लागलं. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं असताना माणूस चार दुकानं फिरून चौकशी करत नाही. ज्याचा नंबर हाताशी असतो त्यालाच फोन लावतो.

तो आला, ४ जीबीच्या जुन्या पट्टीशेजारी ४ जीबीची नवी बसवली, ‘धिस पीसी’च्या प्रॉपर्टीज उघडल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. “बघा ताई, ८.०० जीबी.” बोटाला लागूनच कंसात लिहिलं होतं, ३.२४ जीबी यूझेबल. काम सुरू करायच्या आधी त्यानेच हीच खिडकी उघडून दाखवली होती. तेव्हा ४.०० होतं आणि कंसात तेच ३.२४. म्हणजे पट्टी आत गेली, पैसे त्याच्या खिशात गेले आणि वापरायची रॅम कणभरही वाढली नाही. मी विचारलंसुद्धा, हे कंसात काय आहे? “बाकीची विंडोज स्वतःसाठी राखून ठेवतं, ताई.” आणि त्याच खिडकीत खाली स्पष्ट लिहिलेलं होतं: ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर. सगळा प्रकार त्या दोन ओळींत उघडा पडला होता. ते बोट आठवलं की आजही अंगाची आग होते.

३२ बिट विंडोजला जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच्या मेमरीचे पत्ते मोजता येतात, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स कार्ड वगैरेंसाठी अडतो. म्हणून सव्वातीनच्या आसपास. ८ लावा नाहीतर १६ लावा, आकडा तिथेच अडकतो. आता सगळे म्हणतात, हे तुला माहीत असायला हवं होतं. का म्हणून? शंभर पानांच्या पुस्तकात तुटलेलं एक जोडाक्षर मी शोधून काढते, ते माझं काम. बिट आणि बाइट हे त्याचं काम, आणि त्याचेच तो पैसे घेत होता. पट्टी विकणाऱ्याला एवढं ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

फोटोशॉप बंद पडायचं थांबेना, तेव्हा मी त्याला पुन्हा बोलावलं. आता म्हणे ६४ बिट विंडोज टाकावं लागेल, त्याचं लायसन्स वेगळं, ६,९०० रुपये. साफ खोटं. विंडोज १० चं त्याच एडिशनचं लायसन्स ३२ आणि ६४ दोन्हींना चालतं. माझ्या मशीनचं डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्टकडे आधीच नोंदलेलं होतं आणि सेटअप त्यांच्या साइटवर फुकट मिळतो. मला एक रुपयासुद्धा लागणार नव्हता. कोणी लायसन्सचे पैसे मागितले तर आधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडून बघा, ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलंय का.

“अपग्रेड मारतो, डेटाला धक्का लागणार नाही,” असंही तो म्हणाला होता. ३२ वरून ६४ वर असं आहे त्यावरच अपग्रेड होतच नाही, नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. त्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. डेस्कटॉपवरच्या प्रश्नपत्रिका, अर्धवट पत्रिका, फॉन्टचं फोल्डर, सगळं गेलं. रिकव्हरीचे ३,५०० रोख मागितले आणि त्याच संध्याकाळी सगळ्या फायली नावांसकट, फोल्डरांसकट जागच्या जागी आणून दिल्या. फॉरमॅटनंतर सोडवलेल्या फायली बहुतेकदा नावं गेलेल्या, विस्कटलेल्या मिळतात, हे मला नंतर कळलं. त्याने आधीच कॉपी काढून ठेवली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बॅकअप स्वतःच्या हाताने, स्वतःच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क कपाटात ठेवूनच माणसाला मशीनजवळ येऊ द्या. फॉन्टचा जुना डोंगल (कॉम्प्युटरला जोडायची किल्ली) असेल तर त्याचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का तेही आधी बघा, ३२ चा चालत नाही.

मग एके दिवशी स्क्रीनवर आलं, तुमच्या विंडोजचं लायसन्स लवकरच संपणार आहे. विकत घेतलेलं लायसन्स संपेल कसं? भाच्याने कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’पुढे स्लॅश देऊन ‘डीएलआय’ टाकलं, लायसन्सची माहिती दाखवणारी ही कमांड. माझं होम एडिशन जाऊन तिथे एंटरप्राइझ होतं, आणि ॲक्टिव्हेशन केएमएसचं. मोठ्या कंपन्यांसाठी असलेली ही पद्धत, १८० दिवसांची मुदत, ती फुकटच्या क्रॅकने माझ्या मशीनवर चढवलेली. त्यासाठी डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये एक फोल्डर घालून ठेवलं होतं, म्हणजे त्या फोल्डरकडे अँटिव्हायरसने बघायचंच नाही. याच मशीनवर माझं नेटबँकिंग चालतं, लोकांची आधार कार्डं येतात. असं काही सापडलं तर पासवर्ड आधी बदला, तेही दुसऱ्या मशीनवरून. भाच्याने होम ६४ बिट नव्याने टाकलं, नेट जोडलं आणि कुठलीही की न देता ते ॲक्टिव्हेट झालं. ६,९०० रुपये कशाचे घेतले होते, ते तिथे दिसलं.

घरी सांगायची लाज वाटत होती, पोलीस ठाण्यात जायची त्याहून जास्त. तिथे पहिलं वाक्य ऐकलं, “मॅडम, घरातल्या कोणाला तरी पाठवा.” दुकान माझं, पैसे माझे, सही माझी, मग घरातलं कोण? सायबरवाले म्हणाले, माणूस समोर येऊन काम करून गेला, हे सायबर नाही. ठाण्यातले म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंद, घेतो. खोटं सांगून पैसे काढून घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे फसवणूक आहे, असं मी म्हटलं तर “कायदा आम्हाला शिकवू नका.” अर्जाची पोच मागितली तर साहेब नाहीत. साहेब आले तर शिक्का सापडेना. एफआयआर घेत नसतील तर तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, एका वकील गिऱ्हाइकाने पत्रिका छापायला आल्यावर सांगितलं.

ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयातला बाबू तर वर मान न करता म्हणाला, दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरायची नाही. मी एकटी बसून पत्रिका लावते, माझी कुठली कंपनी? त्याच कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मला त्याने बिलाऐवजी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडे लिहून दिले होते. ते कार्ड जपून ठेवलंय.

जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. ९,०५० रुपये यूपीआयने दिले होते, त्यांचा पुरावा आहे. रोख दिलेल्या ३,५०० चा नाही, आणि त्याने रोख का मागितले ते आता कळतंय. रोख देऊ नका. पट्टीवरचा स्टिकर आणि सीरियल नंबर यांचा फोटो काढा. एकच हित असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, तेव्हा ज्यांचं मशीन अशाच कोणी ‘६४ बिट’ करून दिलंय त्यांनी आज ॲक्टिव्हेशन तपासा, केएमएस निघालं तर स्क्रीनचा फोटो काढा आणि मला कळवा.