मॅव्हरिक जरूर घ्या, पण डीलरच्या दुसऱ्या स्टिकरचे पैसे देऊ नका

अमेरिकेत ट्रक हवा आहे, पण फोर्डच्याच मोठ्या एफ-१५० पिकअपचं धूड नको, अशा कुणालाही मी फोर्डची मॅव्हरिक हायब्रिडच सुचवेन. माझी २०२५ ची, एक्सएलटी श्रेणीतली आहे. मंडळाच्या गणपतीच्या सजावटीचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे मखराचं प्लायवूड, पाइप, पडद्यांच्या पेट्या, भाड्याच्या खुर्च्या, सगळं हिच्याच हौद्यातून जातं. हौदा जेमतेम साडेचार फुटांचा, म्हणून लोक नाक मुरडतात. पण फाळका अर्ध्यावर अडकवला की त्याची कड चाकांवरच्या उंचवट्यांच्या पातळीला येते आणि आठ बाय चारची शीट सपाट बसते. हे ज्याला सुचलं, त्याने स्वतः कधीतरी लाकूड वाहिलं असणार. वजनाची मर्यादा १,५०० पौंड, आमच्या कामाला भरपूर. ईपीएचा (सरकारी पर्यावरण संस्थेचा) शहरातला मायलेजचा आकडा गॅलनला ४२ मैल आहे आणि सिग्नल-सिग्नलच्या रस्त्यावर माझी गाडी त्याच्या आसपास देते. मोठी बोट ओढायची असेल तर मात्र ही गाडी तुमच्यासाठी नाही: साध्या मॉडेलला २,००० पौंड, आणि ४,००० साठी टोइंगचं पॅकेज वेगळं.

मला खरं सांगायचंय ते किमतीबद्दल.

२०२२ च्या मॉडेलला ही गाडी आली तेव्हा सुरुवातीची किंमत १९,९९५ डॉलर होती. २०२५ ला तीच २६ हजारांच्या पुढे गेली, तरी गिऱ्हाईक हटत नाही, कारण ह्युंदाईची सांता क्रूझ सोडली तर या मापाचा नवा ट्रक इथे मिळतच नाही. त्याचं एक कारण फार जुनं आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये बाहेरून येणाऱ्या लाइट ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबड्यांचं भांडण कधीच मागे पडलं, ट्रकवरचा कर राहिला, आणि परदेशी छोटे पिकअप या बाजारातून बाहेर पडले. मॅव्हरिक मेक्सिकोत बनते, आणि मेक्सिकोशी मुक्त व्यापाराचा करार आहे, म्हणून त्या जुन्या करातून सुटली. माल कमी आणि मागणारे जास्त म्हटल्यावर डीलरला भाव चढवायला रान मोकळं मिळतं. त्यात बहुतेक राज्यांत फोर्डसारख्या कंपनीला थेट ग्राहकाला गाडी विकता येत नाही. कंपनी किंमत सुचवते, ठरवतो तो डीलर.

आता पहिल्या डीलरकडे काय झालं ते. काचेवर कंपनीचं स्टिकर होतं. नव्या मोटारींवर ते १९५८ च्या कायद्यामुळे आलं, सिनेटर मोनरोनी यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि ट्रकवरही तसंच लावतात. त्यात मूळ किंमत, पर्याय, डेस्टिनेशन चार्ज (गाडी डीलरपर्यंत पोचवण्याचा खर्च) सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. शेजारी मात्र डीलरने स्वतः छापलेलं दुसरं स्टिकर होतं: पेंट प्रोटेक्शन, दाराच्या कडेची पट्टी, टायरमध्ये नायट्रोजन, आणि खाली 'मार्केट ॲडजस्टमेंट', म्हणजे मागणी आहे म्हणून डीलरने चढवलेले, ३,००० डॉलर. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो! मी विचारलं, हे काढून किंमत सांगा. उत्तर आलं, "ते आधीच बसवलंय." ॲडजस्टमेंट कुठे बसवली होती, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

मग सेल्समनचा लाडका प्रश्न आला: महिन्याला किती परवडेल? याचं उत्तर कधीही देऊ नका, मी हात जोडून सांगते. ३०,००० डॉलरचं कर्ज ७ टक्क्यांनी ६० महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ५९४ डॉलर येतो. ८४ महिने केले की ४५३. ऐकायला केवढं सुख! पण व्याज सुमारे २,४०० डॉलरने वाढतं, आणि हप्ता लहान दिसतोय तोवर ते ३,००० त्यात बेमालूम मुरवता येतात. आपल्याकडची शिकलीसवरलेली, एक्सेलमध्ये घर चालवणारी माणसंही हप्त्यावर सौदा करून येतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

तिथून मी उठले आणि आजूबाजूच्या डीलरांना एकच ईमेल धाडला: हे मॉडेल, हा रंग, टॅक्स, रजिस्ट्रेशन आणि डॉक फी (कागदपत्रांसाठी डीलर घेतो ती) धरून आउट-द-डोअर, म्हणजे सगळं मिळून शेवटचा, आकडा लिहून पाठवा. काहींनी "या, बसून बोलू" एवढंच कळवलं. त्यांना मी वगळलं. एकाने पूर्ण हिशोब ओळीओळीने पाठवला. त्यात दुसरं स्टिकर नव्हतं. डॉक फी तेवढी जड होती. कॅलिफोर्नियात तिला ८५ डॉलरची मर्यादा आहे, आमच्या फ्लोरिडात मर्यादाच नाही आणि हजाराच्या घरात आकारतात. ती कमी करणार नाही म्हणाले, पण तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून उतरवली. चालेल, मला शेवटचा आकडा महत्त्वाचा.

आणि तो बदलला नाही. सहीच्या खोलीत एक्स्टेंडेड वॉरंटी आणि गॅप इन्शुरन्स (गाडी निकामी झाली तर विम्याची भरपाई आणि उरलेलं कर्ज यांतला फरक भरणारा) विचारले गेले, मी नको म्हटलं, त्या बाईंनी पान उलटलं. एवढ्या साध्या सभ्यतेसाठी त्या डीलरला माझे पाचपैकी पाच. सही करण्याआधी मात्र प्रत्येक ओळ वाचा. तीन दिवसांत गाडी परत करता येते असं पुष्कळांना वाटतं. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेचा तो तीन दिवसांचा नियम डीलरच्या शोरूममध्ये घेतलेल्या गाडीला लागू नाही.

कर्जाचं तेवढं राहिलं. डीलरला बँक एक दर देते आणि तो त्यावर आपला वाटा चढवून आपल्याला सांगू शकतो, म्हणून मी क्रेडिट युनियनचं (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेचं) प्री-अप्रूव्हल, म्हणजे कर्जाची आगाऊ मंजुरी, आधीच घेऊन गेले होते. ते टेबलावर ठेवल्यावर त्यांनी त्याहून पाव टक्का कमी दर दिला, आणि मी तो घेतला.